घडी

आमच्या दुकानाला पाटी नाही.
पोर्तोच्या त्या चढावर दमलेला माणूस
श्वास घ्यायला थांबतो तो नेमका आमच्या दारात.
निम्मं गिऱ्हाईक असंच येतं.

अबीलियु सेर्केइरा मात्र धापा टाकत येत नाही.
त्यानं चाळीस वर्षं ट्रामचे ब्रेक दुरुस्त केले,
उताराशी त्याची जुनी ओळख.
आल्या आल्या मागच्या नळावर हात धुतो,
आणि तळवे उलटसुलट करून दाखवतो,
कुणी मागितलं नसताना.

त्याला एकच जात लागते.
जुनी, पण कोरी.
छापखान्यात ताव घडी घालून शिवला, तो तसाच;
पानं घेणाऱ्यानं घरी सुरीनं सोडवायची
असा त्या काळचा रिवाज.
कुणी सोडवली नाहीत.
कुणी भेट दिलं, कुणी फळीवर ठेवलं,
कुणी मेलं.
"लोक पहिली आवृत्ती शोधतात, सही शोधतात.
मी," तो म्हणतो, "वाट बघत बसलेली शोधतो."

दोनशेवर आहेत त्याच्याकडे.
त्यातलं एकही त्यानं वाचलेलं नाही.
वाचणार कसं?

मागच्या हिवाळ्यात एक आलं,
दोरु नदीच्या वरच्या अंगाच्या कुण्या पाद्र्यानं
पदरमोड करून छापलेलं, अठराशे एकाहत्तर,
विषय मधमाश्या.
देओलिंदाबाई किंमत बोलत नाहीत,
पेन्सिलीनं लिहून पुढे सरकवतात.
नव्वद युरो.
त्यानं तीन हप्त्यांत दिले.

आणि तिथे त्याचा जीव टांगणीला लागला.
एकोणपन्नासावं पान उघडं आहे.
त्याची शेवटची ओळ:
राणी मेली, की त्या रात्री सगळं पोळं
बस्स.
पन्नासावं घडीच्या पोटात.
खालून बॅटरी मारली की तळच्या चार ओळी दिसतात,
पेट्यांच्या लाकडाबद्दल काहीतरी.
वरची, हवी ती, पार आत अंधारात.

मी म्हटलं, माश्या पाळणाऱ्या कुणालाही विचारा की.
नाकावर माशी बसावी तसं बघितलं माझ्याकडे.
"मला माश्यांचं काय करायचंय?
हा काय म्हणतो ते हवंय."

जानेवारी गेला. त्याला झोप लागेना,
दुकानात येऊन नुसताच बसायचा,
दुसऱ्यांची पुस्तकं वाचायचा, उघडी, फुकट.

मग एका मंगळवारी आला तो हात न धुताच.
पुस्तक गल्ल्यावर ठेवलं.
एकच पान कापलेलं, तेही वेडंवाकडं,
सारडिन साफ करायच्या सुरीनं.
कडेला कागदाचे केस उभे राहिलेले,
मासळीचा अगदी पुसट वास.
देओलिंदाबाईंनी चष्मा वर ढकलला.
"मोडलीत घडी," म्हणाल्या,
नव्या कापडाची मोडतात तशी.
नव्वद खोडून पंधरा लिहिलं.

काय लिहिलंय? मी विचारलं.
त्यानं बोट धरून वाचलं,
शाळेतल्या मुलासारखं, मोठ्यानं:
"...असा आवाज काढतं, की मला तो
नीट लिहिता येत नाही. वाचकांनी माफ करावं."

तिघंही गप्प.
मला हसू येत होतं, पण ते आलं नाही.

"आणि हे," तो म्हणाला,
आणि कापलेल्या पानाचा वरचा कोपरा
दिव्याखाली धरला.
शाईचा अंगठा.
घडी घालणारीचा असणार, किंवा घालणाऱ्याचा,
पण इतका लहान
की मुलाचाच.
दीडशे वर्षं ओठ मिटून
तो तिथे कागद दाबून बसलेला.
अबीलियुनं आपला अंगठा शेजारी ठेवला,
ब्रेकच्या वंगणानं कायमचा काळवंडलेला,
वर नाही ठेवला, शेजारी.

देओलिंदाबाईंनी रबर घेतलं,
पंधराही पुसलं,
आणि पुस्तक त्याच्याकडे ढकललं.
बोलल्या काहीच नाहीत. त्या दिवशी पेन्सिलीनंही नाही.

बाकीची तो कापणार का, विचारलं नाही.
रात्री फळ्या ओढताना
अशीच एक बांधीव, बंद प्रत हातात आली.
विषयही आठवत नाही, बहुतेक कायद्याचं.
मी कान लावला.
खालच्या रस्त्यावर ट्रामनं वळण घेतलं,
आणि उतारावर
ब्रेक बराच वेळ लागत राहिला.